विश्वविस्ताराचें मोजमाप व फादर लमेत्र

ज्युबिलीचें वर्ष हें हिशेबाचें वर्ष होय. चर्चच्या दप्तरांतील बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व दफनाच्या नोंदी अशा वेळीं बाहेर काढल्या जातात, आणि किती वर्षें लोटलीं, किती पिढ्या आल्या व गेल्या, याची मोजदाद होते. परंतु ज्याचें दप्तर कोणीं लिहून ठेविलेलें नाहीं, त्या विश्वाचें वय मनुष्यानें कसें मोजावें? विसाव्या शतकांत हा प्रयत्न झाला, आणि त्याच्या अग्रभागीं बेल्जम देशांतील एक कॅथलिक धर्मगुरु होते. ही हकीकत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कानांवर आली असेल. तथापि ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. विश्वास आरंभ आहे असें एका धर्मगुरूनें दाखविलें, तस्मात् शास्त्रानें धर्माची साक्ष दिली, एवढें बोलून वक्ते थांबतात. त्या धर्मगुरूंस स्वतःस हा निष्कर्ष मान्य नव्हता. आणि तो कां मान्य नव्हता, हें मोजमापाचा इतिहास पाहिल्यावांचून नीट समजत नाहीं. म्हणून तो इतिहास येथें यथाक्रम देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विश्वाचा विस्तार मोजावयाचा तर दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. दूरची ज्योति कोणत्या वेगानें चालली आहे ही एक, व ती किती अंतरावर आहे ही दुसरी. वेगाचें ज्ञान वर्णपटावरून होतें. ताऱ्याचा प्रकाश लोलकांतून नेला असतां त्याचे रंग पृथक् होतात, व त्या रंगांच्या पट्ट्यांत बारीक काळ्या रेघा दिसतात. रोम येथील येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की यांनीं एकोणिसाव्या शतकांत संत इग्नेशियसच्या चर्चवर उभारलेल्या वेधशाळेंतून हजारो ताऱ्यांचे वर्णपट पाहिले व त्यांचें वर्गीकरण केलें. ज्योति आपणांपासून दूर जात असली म्हणजे या रेघा तांबड्या रंगाकडे सरकतात, व जवळ येत असली म्हणजे निळ्या रंगाकडे सरकतात. अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतीं फ्लॅगस्टाफ येथें लॉवेल वेधशाळा आहे. तेथील ज्योतिर्विद व्हेस्टो स्लायफर यांनीं सन १९१२ पासून चक्राकार तेजोमेघांचे वर्णपट घेण्यास प्रारंभ केला. देवयानी नक्षत्रांतील तेजोमेघ दर सेकंदास सुमारे ३०० किलोमीटर वेगानें आपणांकडे येत आहे, असें त्यांस प्रथम आढळलें. परंतु सन १९१७ पर्यंत २५ तेजोमेघांचे वेग त्यांच्या वहींत जमा झाले, तेव्हां त्यांतील बहुतेक आपणांपासून दूर धांवत असल्याचें दिसून आलें. असें कां व्हावें, याचें कारण त्या वेळीं कोणासच सांगतां येईना.

अंतर मोजण्याचें काम वेगाहून कठीण. रात्रीच्या वेळीं किनाऱ्यावर उभें राहून समुद्रांतील एखाद्या होडीचा कंदील पाहिला, तर तो लहान व जवळ आहे कीं मोठा व दूर आहे, हें नुसत्या नजरेनें कळत नाहीं. कंदील मुळांत किती प्रखर आहे हें ठाऊक असेल तरच त्याच्या मंदपणावरून अंतराचा अंदाज करितां येतो. आकाशांतील असा ओळखीचा कंदील हार्वर्ड वेधशाळेंतील हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीनें शोधून दिला. सेफीड नांवाचे तारे ठराविक दिवसांनीं उजळतात व मंदावतात. एका लहानशा मॅजेलन मेघांतील अशा २५ ताऱ्यांचा अभ्यास करून तिनें सन १९१२ सालीं दाखविलें कीं, जो तारा अधिक दिवस घेतो तो मुळांतच अधिक तेजस्वी असतो. मग त्याचे दिवस मोजावे, त्यावरून खरें तेज काढावें, व दिसणाऱ्या तेजाशीं ताडून अंतर ठरवावें, अशी रीत सांपडली. याच रीतीनें एडविन हबल यांनीं कॅलिफोर्नियांतील माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणींतून सन १९२३ सालीं देवयानींतील एक सेफीड तारा हेरला. त्यावरून त्यांनीं काढलेलें अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षें निघालें. आज तेंच अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षें मानितात. आंकडा चुकला होता, तरी देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरील स्वतंत्र दीर्घिका आहे, हा मुख्य मुद्दा त्यानें कायमचा सिद्ध झाला.

आतां आमच्या चरित्रनायकाकडे वळूं. जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजीं बेल्जममधील शार्लर्वा येथें झाला. येशूसंघीयांच्या शाळेंत त्यांचें शिक्षण झालें. पुढें लूव्हेन विद्यापीठांत ते स्थापत्यशास्त्र शिकत असतां पहिलें महायुद्ध सुरू झालें, आणि ते सैन्यांत दाखल झाले. रणांगणावरील कामगिरीबद्दल त्यांस युद्धपदकही मिळालें. युद्ध संपल्यावर त्यांनीं गणित व पदार्थविज्ञान पुरें केलें, आणि त्याबरोबरच सेमिनरींत प्रवेश केला. सन १९२३ च्या सप्टेंबरांत कार्डिनल मर्सिए यांच्या हस्तें त्यांस गुरुदीक्षा मिळाली. लगेच ते केंब्रिज येथें प्रख्यात ज्योतिर्विद एडिंग्टन यांच्यापाशीं, व नंतर अमेरिकेंत हार्वर्ड येथें शॅप्ली यांच्यापाशीं अभ्यासास गेले. सन १९२५ सालीं ते लूव्हेनला परत येऊन अध्यापन करूं लागले.

त्या काळीं आइन्स्टाइन यांचा सापेक्षतावाद नवा होता. विश्व सर्वकाळ आहे तसेंच स्थिर राहतें, असें आइन्स्टाइन यांचें मत होतें. परंतु त्यांच्याच समीकरणांप्रमाणें तें गुरुत्वाकर्षणानें आंत कोसळलें पाहिजे. तें कोसळूं नये म्हणून सन १९१७ सालीं त्यांनीं समीकरणांत एक नवें पद घातलें. त्यास विश्वस्थिरांक म्हणतात. सन १९२२ सालीं रशियन गणिती फ्रीडमन यांनीं त्याच समीकरणांतून बदलणारें विश्व काढून दाखविलें, परंतु तें निव्वळ गणित म्हणून बाजूस पडलें. फ्रीडमन यांचें काम माहीत नसतां फादर लमेत्र यांनीं सन १९२७ सालीं ब्रुसेल्स येथील शास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेंत फ्रेंच भाषेंत एक निबंध छापिला. अवकाश स्वतःच प्रसरण पावत आहे, व त्याबरोबर दीर्घिका एकमेकींपासून दूर नेल्या जात आहेत, असें त्यांनीं मांडिलें. फुगा फुगवितांना त्यावरील सर्व ठिपके परस्परांपासून दूर होतात, व कोणताही एक ठिपका मध्यबिंदु असत नाहीं; तद्वत् हें समजावें. निबंधांतील विशेष असा कीं, लमेत्र यांनीं स्लायफर यांचे वेग व हबल यांचीं अंतरें एकत्र करून विस्ताराचा दरही काढिला. दूरचीं अंतरें सांगण्यास ज्योतिर्विद मेगापार्सेक हें माप वापरतात; एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षें. दर मेगापार्सेकमागें दीर्घिकेचा वेग सेकंदास सुमारे ६२५ किलोमीटरनें वाढतो, असा त्यांचा आंकडा होता.

त्याच वर्षीं ब्रुसेल्स येथील परिषदेंत आइन्स्टाइन यांची गांठ पडली. तुमचें गणित बरोबर आहे, पण त्यामागील पदार्थविज्ञानाची दृष्टि भयंकर आहे, अशा आशयाचा अभिप्राय आइन्स्टाइन यांनीं दिल्याचें लमेत्र यांनीं पुढें नमूद केलें आहे. सन १९२९ सालीं हबल यांनीं आपला प्रसिद्ध लेख छापिला, व त्यांत दर मेगापार्सेकमागें सुमारे ५०० किलोमीटर असा दर दिला. त्यानंतर अधिकाधिक दूरच्या दीर्घिकांचे वेग मोजण्याचें काम मिल्टन ह्यूमसन यांनीं केलें. हे गृहस्थ प्रथम त्या डोंगरावर खेंचरांवरून सामान वाहून नेत, व मग वेधशाळेची झाडलोट करीत. तेथेंच शिकून ते नामांकित वेधकार झाले. हबल यांच्या लेखानंतर लमेत्र यांच्या निबंधाकडे लोकांचें लक्ष गेलें, आणि सन १९३१ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर लंडनच्या रॉयल खगोलमंडळाच्या पत्रिकेंत आलें. मूळ निबंधांतील विस्ताराच्या दराचा भाग त्या भाषांतरांत नव्हता. तो कोणी द्वेषानें गाळला असावा, अशी शंका पुष्कळ वर्षें घेतली जाई. सन २०११ सालीं जुनीं पत्रें तपासलीं गेलीं, तेव्हां भाषांतर खुद्द लमेत्र यांनींच केलें होतें, व जुने आंकडे पुनः छापण्यांत अर्थ नाहीं असें समजून त्यांनींच ते वगळले होते, असें उघड झालें. सन २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय खगोलसंघाच्या सभासदांनीं मतदान करून या नियमास हबल–लमेत्र नियम म्हणावें, अशी शिफारस केली.

विश्व पसरत आहे, तर पूर्वीं तें लहान व दाट असलें पाहिजे. सन १९३१ सालीं लमेत्र यांनीं याच विचारानें मागें जात जात, सर्व जगत् एका आदिम अणूंतून उद्भवलें असावें, ही कल्पना पुढें केली. परंतु येथें मोठी अडचण उभी राहिली. हबल यांच्या दरानें विश्वाचें वय सुमारे २ अब्ज वर्षें येई. आणि खडकांतील किरणोत्सारी द्रव्यांवरून काढलेलें पृथ्वीचें वय तर त्याहून अधिक निघूं लागलें. लेंक आईहून वडील कशी असेल? आइन्स्टाइन यांनीं विश्वस्थिरांक आतां टाकून दिला होता. लमेत्र यांनीं तो सोडला नाहीं. विश्व प्रथम वेगानें पसरलें, मग गुरुत्वाकर्षणानें रेंगाळलें, आणि पुढें त्या स्थिरांकाच्या जोरावर पुनः वेग घेऊं लागलें, अशी मांडणी करून त्यांनीं वयाची अडचण सोडविण्याचा यत्न केला. सन १९३४ सालीं त्यांनीं असेंही लिहिलें कीं, हा स्थिरांक म्हणजे रित्या अवकाशाच्या ठायीं असलेली ऊर्जाच होय, असें समजतां येईल. या वाक्याकडे त्या काळीं फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. वाचकांनीं तें ध्यानांत ठेवावें.

येथवरची कथा शास्त्राची झाली. आतां जो प्रसंग सांगावयाचा, तो आमच्या मतें या सर्व इतिहासाचा गाभा होय. २२ नोव्हेंबर १९५१ रोजीं पोप बारावे पायस यांनीं रोम येथील शास्त्र-अकादमीपुढें भाषण केलें, व विश्वास कालांत आरंभ आहे या नव्या शोधाचा त्यांनीं सृष्टिनिर्मितीच्या सिद्धान्तास मोठा दुजोरा म्हणून गौरव केला. जगभर या भाषणाचा गवगवा झाला. लमेत्र हे त्या अकादमीचे पहिल्यापासूनचे सभासद. पोप महाशयांच्या मुखें आपल्या उपपत्तीचा असा गौरव झालेला पाहून दुसऱ्या कोणास धन्यता वाटली असती. लमेत्र यांस चिंता वाटली. त्यांचें म्हणणें असें कीं, आपली उपपत्ति हें एक अनुमान आहे. वेध घेऊन तें खरें कीं खोटें ठरावयाचें आहे. आणि उद्यां तें खोटें ठरलें, तर त्यास बांधलेल्या श्रद्धेची गत काय होईल? व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख येशूसंघीय फादर ओकॉनेल यांच्यापाशीं त्यांनीं ही गोष्ट काढिली. सन १९५२ च्या सप्टेंबरांत आंतरराष्ट्रीय खगोलसंघाचें अधिवेशन रोमलाच भरलें. तेथें जमलेल्या ज्योतिर्विदांपुढें पोप महाशयांनीं पुनः भाषण केलें. परंतु या वेळीं विश्वाचा आरंभ व निर्मितीचा सिद्धान्त यांची सांगड त्यांनीं घातली नाहीं.

त्याच अधिवेशनांत जें घडलें, त्यानें लमेत्र यांची सावधगिरी किती यथार्थ होती हें प्रत्ययास आलें. वाल्टर बाडे या जर्मन ज्योतिर्विदांनीं तेथें जाहीर केलें कीं, सेफीड तारे एका जातीचे नसून दोन जातींचे आहेत, व त्यांची गल्लत झाल्यामुळें दूरच्या दीर्घिकांचीं अंतरें निम्मीं धरलीं गेलीं होतीं. महायुद्धाच्या दिवसांत लॉस एंजेलिस शहराचे दिवे मालविले जात, तेव्हां माउंट विल्सनवरील काळोख्या आकाशांत देवयानींतील तारे पृथक् पाहण्याची संधि बाडे यांस मिळाली होती. तिचें हें फळ. एका घोषणेसरशी विश्वाचें माप दुप्पट झालें, व वयही दुप्पट झालें. ज्या आंकड्यावर आदल्या वर्षीं धर्माची इमारत उभारूं पाहत होते, तो आंकडा अशा रीतीनें एका वर्षांत पालटला.

लमेत्र यांनीं सन १९५८ सालीं ब्रुसेल्सच्या परिषदेंत स्पष्ट सांगितलें कीं, आपली उपपत्ति धार्मिक वादाच्या पूर्णपणें बाहेर आहे. नास्तिक व आस्तिक दोघांनींही ती सारख्याच मोकळ्या मनानें तपासावी. यशया संदेष्ट्यानें परमेश्वरास गुप्त राहणारा देव म्हटलें आहे, याचें त्यांनीं तेथें स्मरण दिलें. दुर्बिणीच्या टोकास परमेश्वर सांपडेल अशी आशा त्यांच्या श्रद्धेंत नव्हती, आणि म्हणूनच कोणत्याही नव्या वेधाचें भय त्यांस वाटलें नाहीं.

विरोधी पक्षही बलवान् होता. सन १९४८ सालीं हॉइल, बाँडी व गोल्ड यांनीं विश्व अनादि असून पसरतांना नवें द्रव्य उत्पन्न होत जातें, असा स्थिरस्थितीचा सिद्धान्त मांडिला. कोल्हापुरांत जन्मलेले आपले डॉ. जयंत नारळीकर हे केंब्रिज येथें हॉइल यांचे शिष्य व पुढें सहकारी झाले. महास्फोटाच्या मतावर त्यांनीं जन्मभर प्रश्न विचारले, आणि सन १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुणें येथील आयुका या संस्थेचे ते संस्थापक संचालक होते. २० मे २०२५ रोजीं त्यांचें पुणें येथें निधन झालें. बहुसंख्य ज्योतिर्विदांचा कौल मात्र दुसऱ्या बाजूस गेला, त्याचें कारण असें. सन १९६४–६५ सालीं अमेरिकेंत पेन्झियस व विल्सन यांस आकाशाच्या सर्व दिशांनीं येणारें मंद रेडिओ-प्रारण सांपडलें. दाट व तप्त अशा बालविश्वाची ती उरलेली ऊब होय, असा त्याचा अर्थ लागला. लमेत्र तेव्हां आजारी होते. मृत्यूपूर्वीं थोडे दिवस त्यांचे सहकारी गोदार यांनीं ही वार्ता त्यांस सांगितली. २० जून १९६६ रोजीं लूव्हेन येथें त्यांनीं देह ठेविला.

त्यांच्यामागें दराचा वाद दीर्घकाळ चालला. सँडेज व त्यांचे सहकारी दर मेगापार्सेकमागें ५० च्या आसपास किलोमीटर म्हणत, तर द व्होकुलर १०० च्या आसपास म्हणत. दोघेही आपल्या मतावर ठाम. अखेर हबल यांचें नांव दिलेल्या अंतराळ-दुर्बिणीनें सेफीड तारे दूरवर मोजून सन २००१ सालीं ७२ हा आंकडा दिला, व त्यांत ८ ची चूक संभवते असेंही सांगितलें.

परंतु आजचा दर कळला म्हणजे विस्ताराचा इतिहास कळला असें नव्हे. वर फेंकलेला चेंडू जसा मंदावत जातो, तसें गुरुत्वाकर्षणानें विश्वही मंदावत असलें पाहिजे, अशी सर्वांची समजूत होती. तो मंदावा किती, हेंच मोजावयाचें होतें. यासाठीं सेफीडहून पुष्कळ प्रखर कंदील हवा. सूर्याच्या सुमारे १.४ पट द्रव्यमानापलीकडे श्वेत खुजा तारा टिकूं शकत नाहीं, ही मर्यादा तरुण चंद्रशेखर यांनीं सन १९३० सालीं हिंदुस्थानांतून इंग्लंडला जातांना बोटीवर मांडलेल्या गणितांतून निघाली. असे तारे जेव्हां फुटतात, तेव्हां ते जवळजवळ सारख्याच तेजानें उजळतात, व अब्जावधि प्रकाशवर्षांवरून दिसतात. असे स्फोट शोधून सन १९९८ सालीं दोन स्वतंत्र पथकांनीं आपले निष्कर्ष जाहीर केले. एकाचे प्रमुख सॉल पर्लमटर, व दुसऱ्यांत ब्रायन श्मिट व ॲडम रीस. दूरचे स्फोट अपेक्षेहून मंद, म्हणजे अपेक्षेहून दूर होते. याचा अर्थ विश्व मंदावत नसून उलट वेग घेत आहे. चेंडू वर जातां जातां अधिकच जोरानें उडाला! सन २०११ सालीं या तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. विश्व आधीं मंदावत होतें, व सुमारे ५ ते ६ अब्ज वर्षांपूर्वीं वेग घेऊं लागलें, असें पुढील वेधांनीं दाखविलें आहे. लमेत्र यांनीं कल्पिलेलें मधलें रेंगाळणें मात्र खरें ठरलें नाहीं.

ज्या कारणानें हा वेग वाढतो, त्यास डार्क एनर्जी म्हणजे कृष्ण ऊर्जा असें नांव पडलें. सांप्रतच्या हिशेबानें विश्वांतील एकंदर ऊर्जेचा सुमारे ६८ टक्के भाग हीच होय. अदृश्य द्रव्य सुमारे २७ टक्के, आणि तारे, पृथ्वी व आपण ज्या द्रव्याचे घडलों आहों, तें अवघें ५ टक्के. सन १९३४ सालचें तें रित्या अवकाशाच्या ऊर्जेविषयींचें वाक्य आतां सर्वांस आठवलें. तथापि तेवढ्यानें कोडें सुटलें असें म्हणतां येत नाहीं. कारण सूक्ष्मकणांच्या शास्त्रावरून या ऊर्जेचा ढोबळ अंदाज काढूं जातां, तो वेधांहून एकावर शंभराहून अधिक शून्यें मांडावीं इतक्या पटीनें मोठा येतो.

आजही दोन प्रश्न अनिर्णीत आहेत. प्लँक उपग्रहानें त्या आदिम उबेचा नकाशा काढिला. त्यावरून विश्वाचें वय १३.८ अब्ज वर्षें, व विस्ताराचा दर ६७.४ येतो. रीस व त्यांचे सहकारी सेफीड व तारकास्फोट यांवरून सन २०२२ सालीं ७३ काढितात. दोन्ही मापनें काळजीपूर्वक झालेलीं आहेत, आणि फरक नुसत्या चुकीनें समजावा इतका लहान नाहीं. दुसरा प्रश्न कृष्ण ऊर्जेचाच. ॲरिझोनांतील किट पीक शिखरावर डेसी नांवाचें यंत्र आहे. तें एका वेळीं ५००० दिशांचा प्रकाश टिपतें. बालविश्वांतील ध्वनिलहरींचा ठसा दीर्घिकांच्या विखुरण्यांत सुमारे ५० कोटि प्रकाशवर्षें लांबीच्या मोजपट्टीसारखा राहिला आहे. ही मोजपट्टी निरनिराळ्या काळीं केवढी दिसते, हें पाहून हें यंत्र विस्ताराचा इतिहास लिहितें. सन २०२५ च्या मार्चमध्यें १ कोटि ४० लाखांहून अधिक दीर्घिका व क्वेसार यांवरून त्या मंडळींनीं असें सुचविलें कीं, कृष्ण ऊर्जा कायम एकसारखी नसून काळाबरोबर क्षीण होत असावी. हा पुरावा शास्त्राच्या रूढ कसोटीस पुरेसा नाहीं, असें ते स्वतःच सांगतात. परंतु तो टिकला, तर स्थिरांक हें नांवही बदलावें लागेल.

६२५, ५००, १००, ५०, ७२, ६७, ७३, असे आंकडे शंभर वर्षांच्या आंत आले व कांहीं गेले. यांतील प्रत्येक आंकड्यामागें कोणीतरी रात्री जागविल्या आहेत, आणि तो खोडून काढणाऱ्यानेंही तितक्याच जागविल्या आहेत. या परंपरेचा आम्हांस आदर वाटतो. आमच्या मुलांनीं व मुलींनीं तींत निर्भयपणें उतरावें, व वेध जें सांगेल तें जसेंच्या तसें लिहावें, अशी आमची इच्छा आहे. त्याबरोबर वडीलधाऱ्यांसही आमची एक विनंति आहे. मुलांस धर्म शिकवितांना महास्फोट हा पुरावा म्हणून हातीं देऊं नये. उद्यां एखाद्या दुर्बिणीनें तो आंकडा पालटला, तर मुलास दोन्ही गोष्टी एकदमच गमावल्यासारखें वाटेल. फादर लमेत्र सकाळीं मिस्सा अर्पण करीत व दिवसा फळ्यावर समीकरणें सोडवीत. एकीचा आधार दुसरीस देण्याची गरज त्यांस कधीं भासली नाहीं. त्यांच्या या उदाहरणाचा विचार आमचे वाचक करितील, अशी आम्हांस उमेद आहे.